रक्ताचे आणि अस्थिमज्जेचे संथ कॅन्सर: रिपोर्ट हातात घेऊन विचारले जाणारे प्रश्न

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून मायक्रोस्कोपखाली बघणं हे माझं रोजचं काम. रिपोर्ट न्यायला आलेली माणसं काउंटरपाशी रेंगाळतात आणि डॉक्टरांच्या खोलीत विचारायचे राहून गेलेले प्रश्न मला विचारतात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट आधीच सांगते. या गटातल्या आजारांत पूर्ण निदान करून घेण्याइतका वेळ बहुतेक वेळा हाताशी असतो. तो वेळ नुसतं घाबरण्यात किंवा अर्ध्या तपासण्यांवर उपचार सुरू करण्यात जाऊ नये. तुमच्या माणसाबद्दलचा निर्णय मात्र त्याला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचाच.

रिपोर्टवर 'क्रॉनिक' लिहिलंय. म्हणजे शेवटची स्टेज का?

नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की काही घरांत त्या एका शब्दावरून रडारड होते. 'क्रॉनिक' म्हणजे संथपणे, महिनोन्‌महिने किंवा वर्षानुवर्षं चालणारा. त्याच्या उलट 'अक्यूट'. अक्यूट ल्युकेमियात अपक्व पेशी, ज्यांना ब्लास्ट म्हणतात, झपाट्याने वाढतात आणि काही दिवसांत ताप, रक्तस्राव, धाप सुरू होते. क्रॉनिक आजारांत पेशी बऱ्याच अंशी पक्व होतात, थोडंफार काम करतात, पण वाजवीपेक्षा जास्त तयार होतात किंवा मरायच्या वेळी मरत नाहीत. म्हणूनच माणूस शेतात, ऑफिसात, स्वयंपाकघरात नेहमीसारखा वावरत असतो आणि आजार आत वाढत असतो.

अस्थिमज्जा म्हणजे नेमकं काय?

हाडांच्या पोकळीतला मऊ, लालसर गर. मोठ्या माणसांत तो मुख्यतः कमरेचं हाड, छातीचं मधलं हाड, बरगड्या आणि मणक्यांत असतो. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट इथेच तयार होतात. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस. त्यामुळे हा कारखाना कधीच बंद नसतो, आणि त्यातल्या एखाद्या मूळ पेशीच्या जनुकात बिघाड झाला की तीच बिघडलेली प्रत पुन्हा पुन्हा निघत राहते.

या गटात कोणकोणते आजार येतात?

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, सीएलएल. तांबड्या पेशी वाढवणारा पॉलिसायथेमिया व्हेरा, प्लेटलेट वाढवणारा इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमिया आणि मज्जेत तंतूंचं जाळं तयार करणारा मायलोफायब्रोसिस ही एकाच घरातली तीन भावंडं. मग मल्टिपल मायलोमा आणि मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, एमडीएस. आणखीही काही विरळ आजार आहेत, पण काउंटरवर येणारे बहुतेक प्रश्न या सातांभोवतीच असतात. 'ब्लड कॅन्सर झालाय' एवढ्याने काहीच कळत नाही. यातल्या एकाला रोजची गोळी पुरते, दुसऱ्याला वर्षानुवर्षं काहीच द्यावं लागत नाही, तिसऱ्याला महिनाभरात केमो लागू शकते. म्हणून पहिला प्रश्न 'कोणती स्टेज' हा नसावा, 'नेमकं नाव काय' हा असावा.

भाऊ अडतीस वर्षांचा आहे, काही त्रास नाही. कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये पांढऱ्या पेशी ८५,००० आल्या. मशीनची चूक असेल ना?

असू शकते, म्हणून आधी दुसरा नमुना घेऊन काचपट्टी बघायला सांगा. पण चाळिशीच्या आतबाहेरचा, धडधाकट दिसणारा माणूस आणि एवढा मोठा आकडा, हे सीएमएलचं अगदी नेहमीचं चित्र आहे. पाश्चात्त्य देशांत हा आजार साठीच्या आसपास जास्त दिसतो, आपल्याकडे तो चाळिशीच्या आसपास आणि त्याआधीही सापडतो. खोदून विचारलं की बारीकसारीक गोष्टी बाहेर येतात. संध्याकाळी गळून जायला होतं, पँट सैल झालीय, चार घास खाल्ले की पोट भरतं, डाव्या बरगडीखाली जड वाटतं. ते जडपण पाणथरीचं, म्हणजे प्लीहेचं. ती वाढून जठराला ढकलते.

पांढऱ्या पेशी ४ ते ११ हजार असायला हव्यात. इन्फेक्शनमध्येही त्या वाढतात, पण ५० हजारांच्या वर क्वचितच जातात. खरा फरक आकड्यात नसतो, काचपट्टीवर असतो. सीएमएलमध्ये मज्जेत राहायला हव्यात अशा अर्धवट वाढलेल्या पेशी (मायलोसाइट, मेटामायलोसाइट) रक्तात फिरताना दिसतात आणि बेसोफिल (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) वाढलेले असतात. एरवी बेसोफिल शंभरात एखादा असतो, इथे चार, सहा, दहा. रिपोर्टात बेसोफिलपुढचा आकडा कुणी वाचत नाही. तुम्ही वाचा. त्या एका ओळीने मला किती तरी वेळा फोन उचलून डॉक्टरांना कळवायला लावलंय.

पक्कं निदान मात्र काचपट्टीवर होत नाही. त्यासाठी फिलाडेल्फिया क्रोमोसोम किंवा बीसीआर-एबीएल हे जोडजनुक दाखवावंच लागतं.

हे फिलाडेल्फियाचं नाव आपल्या रिपोर्टात कुठून आलं?

१९६० मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना सीएमएलच्या पेशींमध्ये एक नेहमीपेक्षा लहान क्रोमोसोम दिसला. शहराचं नाव त्याला चिकटलं. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवून दिलं की तो नुसता तुटलेला नाही, ९ आणि २२ क्रमांकाच्या क्रोमोसोमांनी आपापल्या तुकड्यांची अदलाबदल केली आहे. त्या सांध्यावर बीसीआर आणि एबीएल ही दोन जनुकं एकमेकांना चिकटतात आणि पेशीला 'वाढ, वाढ' असा हुकूम देणारं प्रथिन तयार होतं. नेमकं त्या प्रथिनाला अडवणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली आणि काही वर्षांत जीव घेणारा आजार रोजच्या गोळीने ताब्यात राहणारा झाला. वैद्यकशास्त्रात असं फार वेळा घडत नाही.

आपल्यासाठी या गोष्टीचा पुढचा भाग तितकाच मोठा आहे. मूळ कंपनीच्या गोळीचा महिन्याचा खर्च सव्वा लाखाच्या घरात होता, भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळत होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूळ कंपनीचा, नोव्हार्टिसचा, पेटंटचा दावा फेटाळला आणि स्वस्त गोळीचा रस्ता खुला राहिला. आज तिची किंमत त्याहून पुष्कळ खाली आली आहे. पोटाला चिमटा काढून आधी गोळी घेणारी आणि परवडेना म्हणून सोडून देणारी कुटुंबं मी पाहिली आहेत, म्हणून ती तारीख विसरत नाही.

निदान झालं, गोळी सुरू झाली, पेशी नॉर्मल आल्या. मग दर तीन महिन्यांनी ती महागडी पीसीआर कशाला?

सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, नॉर्मल येणं हा फक्त पहिला टप्पा. त्याखाली लाखो बिघडलेल्या पेशी शिल्लक असू शकतात आणि त्या फक्त पीसीआरलाच, म्हणजे बिघडलेलं जनुक मोजणाऱ्या तपासणीलाच, दिसतात. बीसीआर-एबीएलचं प्रमाण तीन महिन्यांनी १० टक्के किंवा त्याखाली, सहा महिन्यांनी १ टक्का, वर्षाने ०.१ टक्का, अशी उतरण अपेक्षित असते. उतरण अडली तर आधी विचारायचं, गोळ्या चुकल्या का? मग औषधाला दाद न देणारा जनुकीय बदल झालाय का ते शोधायचं. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत आणि 'इंटरनॅशनल स्केल'वर रिपोर्ट घ्या, नाहीतर आकड्यांची तुलनाच होत नाही. बरं वाटतंय म्हणून स्वतःच्या मनाने गोळी थांबवू नका. काही वर्षं प्रमाण अगदी खोल गेलेल्या काही रुग्णांत ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवून बघतात, पण तेव्हाही पीसीआर सुरुवातीला दर महिन्याला करावी लागते. मूल हवं असेल तर इमॅटिनिब घेणाऱ्या स्त्रीने गर्भधारणेच्या आधीच डॉक्टरांशी बोलायला हवं.

बाबांना सीएलएल निघालाय आणि डॉक्टर म्हणतात, काही औषध नको, तीन महिन्यांनी या. कॅन्सर आहे आणि औषध नाही, हे कसं?

हा प्रश्न विचारताना बऱ्याच मुलांच्या डोळ्यांत राग असतो. तो समजतो. पण इथे 'लक्ष ठेवणं' हाच उपचार असू शकतो. लक्षणं नसताना लवकर केमो दिल्याने रुग्ण जास्त जगत नाहीत हे तपासून पाहिलेलं आहे, आणि औषधाचे त्रास मात्र लगेच सुरू होतात.

सीएलएल हा उतारवयाचा आजार, आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी दिसणारा. पुष्कळदा मोतीबिंदूच्या किंवा हर्नियाच्या ऑपरेशनआधीच्या सीबीसीत तो सापडतो. पांढऱ्या पेशी २५,००० आणि त्यात लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ८० टक्के. काचपट्टीवर चिरडल्यासारख्या दिसणाऱ्या 'स्मज' पेशी असतात. पक्कं निदान फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे पेशींवरच्या खुणा ओळखणाऱ्या तपासणीने, होतं, तेही हाताच्या रक्तावर. सीडी५, सीडी१९, सीडी२३ या खुणा एकाच पेशीवर सापडणं आणि अशा बी-लिम्फोसाइट एका मायक्रोलिटरमध्ये ५,००० किंवा जास्त, तीन महिने टिकून असणं, हा निकष. त्याहून कमी असतील आणि गाठी वगैरे नसतील तर त्याला कॅन्सर म्हणतच नाहीत, फक्त लक्ष ठेवतात. निदानासाठी बोन मॅरो, म्हणजे अस्थिमज्जेची तपासणी, बहुतेक वेळा लागत नाही. कुणी लगेच करायला सांगितलं तर कारण जरूर विचारा.

मग औषध कधी? हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट घसरायला लागल्या, गाठी किंवा पाणथरी फार वाढली, लिम्फोसाइट सहा महिन्यांच्या आत दुप्पट झाल्या, रात्री कपडे भिजवणारा घाम, कारण नसताना ताप, वजनात घट. नुसता पांढऱ्या पेशींचा आकडा मोठा आहे हे कारण होत नाही. इथे जुने रिपोर्ट सोन्यासारखे असतात. एका आजोबांच्या घरून पाच वर्षांपूर्वीच्या आरोग्य शिबिराचा कागद सापडला, त्यात लिम्फोसाइट तेव्हाच वाढलेल्या होत्या, फक्त कुणी बघितलं नव्हतं. तो कागद बघून सगळ्या घराची झोप परत आली. पाच वर्षांत जो इतका थोडा सरकला, तो उद्या धावत सुटण्याची शक्यता कमी.

उपचार सुरू करायची वेळ आली की १७ क्रमांकाच्या क्रोमोसोमचा तुकडा गळलाय का, टीपी५३ जनुक बिघडलंय का आणि आयजीएचव्ही या जनुकात बदल झालेला आहे की नाही, हे विचारल्याशिवाय सुरुवात करू नका. टीपी५३ बिघडलेलं असेल तर जुन्या पद्धतीची केमो फारशी काम करत नाही, इब्रुटिनिब किंवा व्हेनेटोक्लॅक्ससारखी औषधं लागतात.

आणखी एक, मानेतल्या गाठी. आपल्याकडे मानेत गाठ म्हणजे टीबी असं धरून चालायची सवय आहे, आणि बऱ्याचदा ते बरोबरही निघतं. पण साठीनंतरच्या माणसाला दोन्ही बाजूंना, न दुखणाऱ्या, रबरासारख्या गाठी असतील तर टीबीची औषधं अंदाजाने सुरू करण्याआधी एक साधी सीबीसी बघा.

हिमोग्लोबिन १८.५ आलंय. रक्त भरपूर आहे म्हणजे चांगलंच ना?

रक्त कमी असणाऱ्यांच्या या देशात हा प्रश्न पडणारच. पण रक्त दाट झालं की ते गुठळी करतं. पुरुषांत १६.५ च्या वर आणि स्त्रियांत १६ च्या वर हिमोग्लोबिन टिकून राहिलं तर कारण शोधायला हवं. सगळ्यांना कॅन्सर नसतो. विडी-सिगारेट, फुप्फुसांचे जुने आजार, झोपेत श्वास अडखळणारं घोरणं, लडाखसारख्या उंचीवरची नोकरी, टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं यांनीही ते वाढतं. जुलाब-उलट्यांनंतर रक्तातलं पाणी कमी झाल्यानेही तात्पुरतं वाढलेलं दिसतं.

पॉलिसायथेमिया व्हेराची एक खूण इतकी वेगळी आहे की ती मी प्रत्येकाला विचारते: आंघोळ करून आल्यावर, अंगावर पुरळ नसताना, खाज सुटते का? लोक ती त्वचेच्या डॉक्टरांना दाखवतात, साबण बदलतात, रक्ताशी तिचा संबंध असेल असं वाटतच नाही. जोडीला लालबुंद चेहरा, डोकं जड, तळहात-तळपायांची लाली आणि आग. निदानासाठी रक्तातलं इरिथ्रोपोएटिन, म्हणजे तांबड्या पेशी बनवायला सांगणारं संप्रेरक (ते कमी असतं) आणि जेएके२ जनुकातला व्ही६१७एफ हा बदल तपासतात. २००५ मध्ये सापडलेला हा बदल सुमारे ९५ टक्के रुग्णांत मिळतो. तरुण वयात यकृताच्या शिरेत किंवा पोटातल्या शिरेत गुठळी झाली असेल तर हिमोग्लोबिन नॉर्मल असलं तरी जेएके२ करून घ्यावी.

उपचारात रक्त काढून टाकतात, हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) ४५ टक्क्यांच्या खाली राहील इतकं. त्यामुळे लोह कमी होतं. ते बघून घरच्या घरी लोहाच्या गोळ्या सुरू करू नका, सगळी मेहनत वाया जाते.

बायकोच्या प्लेटलेट सात लाख आल्यात. डेंग्यूत कमी होतात ते ऐकलं होतं, जास्त असणं वाईट का?

साडेचार लाखांच्या वर प्लेटलेट टिकून राहिल्या तर इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमियाचा विचार करतात. पण थांबा. आपल्याकडच्या बायकांत प्लेटलेट वाढण्याचं फार मोठं कारण साधी लोहाची कमतरता आहे. हिमोग्लोबिन ८, तांबड्या पेशी लहान आणि प्लेटलेट सहा-सात लाख, असं चित्र असेल तर आधी फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) करा, लोह द्या आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. इन्फेक्शन, सांध्यांची सूज, पाणथरी काढलेली असणं, हीही कारणं.

लोह नीट आहे, सूज नाही, आणि प्लेटलेट तरीही वर, तेव्हा जेएके२, सीएएलआर आणि एमपीएल ही तीन जनुकं आणि बोन मॅरो बायॉप्सी. तिन्ही निगेटिव्ह आली तरी आजार नाही असं होत नाही. दहा लाखांच्या पुढे गेलेल्या प्लेटलेटमध्ये उलट रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून स्वतःहून अ‍ॅस्पिरिन सुरू करू नये. आणि एक प्रयोगशाळेतली गोष्ट: प्लेटलेट फार जास्त असतील तर नळीत रक्त गोठताना त्यांतून पोटॅशियम बाहेर पडतं आणि रिपोर्टात ते खोटंच वाढलेलं दिसतं. रुग्ण ठणठणीत आणि पोटॅशियम ६.५, असं झालं तर न गोठवलेल्या रक्तावर पुन्हा तपासायला सांगा.

मायलोफायब्रोसिसमध्ये 'ड्राय टॅप' लिहून आलंय. तपासणी चुकली का?

चुकली नाही, ती आजाराचीच खूण आहे. मज्जेत तंतू माजले की सुईतून ओढूनही काही येत नाही. म्हणून हाडाचा छोटा तुकडा (बायॉप्सी) घ्यावाच लागतो. रक्ताच्या काचपट्टीवर अश्रूच्या थेंबासारख्या तांबड्या पेशी दिसतात आणि पाणथरी कधी कधी बेंबीपर्यंत पोचते.

आईची पाठ आठ महिने दुखतेय. एक्स-रे झाले, मसाज झाला, पट्टा झाला. आता कुणी तरी मायलोमा म्हणतंय.

या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण इथे उशीर सगळ्यात जास्त होतो.

मायलोमा हा प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर. या पेशी मज्जेत राहून प्रतिकारक प्रथिनं बनवतात. बिघडल्या की एकाच प्रकारचं निरुपयोगी प्रथिन ढिगाने ओततात, आणि जोडीला हाडं पोखरतात. साठीच्या आसपासच्या बाईची पाठ दुखते तेव्हा वय, कॅल्शियम, स्लिप डिस्क अशी उत्तरं तयार असतात. दुखण्याच्या गोळ्या सुरू होतात. याच गोळ्या मायलोमाने आधीच थकवलेल्या किडनीला आणखी मारतात. मग एक दिवस क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारा आकडा) ५ येतं आणि आई किडनीच्या डॉक्टरांकडे पोचते. पाठ एका फाइलमध्ये, रक्त दुसऱ्या फाइलमध्ये, किडनी तिसऱ्या. तिन्ही फाइली एका टेबलावर आल्या की निदान समोर असतं.

चार गोष्टी एकत्र बघायच्या: कॅल्शियम ११ च्या वर, क्रिएटिनिन २ च्या वर, हिमोग्लोबिन १० च्या खाली, आणि हाडांत भोकं किंवा दबलेला मणका. यातलं एक जरी असेल आणि मज्जेत एकाच वंशाच्या प्लाझ्मा पेशी १० टक्के किंवा जास्त असतील, तर मायलोमा. चारांपैकी काही नसलं तरी मज्जेत अशा पेशी ६० टक्क्यांवर गेल्या असतील, फ्री लाइट चेनचं (रक्तातल्या त्या प्रथिनाच्या सुट्या हलक्या साखळ्यांचं) गुणोत्तर १०० च्या वर असेल किंवा एमआरआयमध्ये हाडांत एकाहून जास्त ठिपके असतील, तर २०१४ पासूनच्या निकषांप्रमाणे उपचार सुरू करतात.

मोठ्या तपासण्यांआधीच्या स्वस्त खुणाही सांगते, तालुक्याच्या गावातही मिळणाऱ्या. ईएसआर १०० च्या वर. लिव्हरच्या रिपोर्टात एकूण प्रोटीन ९ किंवा १० आणि अल्ब्युमिन मात्र ३, म्हणजे मधली तफावत ग्लोब्युलिनची. काचपट्टीवर नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचलेल्या तांबड्या पेशी. यातलं काही दिसलं तर ते असामान्य प्रथिन शोधणाऱ्या सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, इम्युनोफिक्सेशन आणि फ्री लाइट चेन या तिन्ही तपासण्या करा. फक्त इलेक्ट्रोफोरेसिसवर थांबू नका, काही रुग्णांत प्रथिनाची हलकी साखळीच तेवढी बनते आणि ती पहिल्या तपासणीत निसटते.

हाडांसाठी साधा एक्स-रे कमी पडतो, कारण हाड बरंच पोखरल्यावरच त्यात दिसतं. कमी मात्रेचा पूर्ण शरीराचा सीटी किंवा पेट-सीटी हवा. नेहमीचा 'बोन स्कॅन'ही इथे फसवा, मायलोमाची भोकं त्यात पुष्कळदा उमटत नाहीत. आणि दबलेला मणका आपल्याकडे टीबीचाही असू शकतो, म्हणून दोन्ही बाजूंनी तपास हवा.

आईच्या लघवीत प्रोटीन 'निल' आलंय. मग किडनीचा प्रश्न मायलोमाचा कसा?

लघवीत बुडवायची पट्टी अल्ब्युमिन ओळखते. मायलोमाचं बेन्स जोन्स प्रथिन तिला जवळजवळ दिसत नाही. लंडनच्या डॉ. हेन्री बेन्स जोन्स यांनी ते १८४० च्या दशकात एका रुग्णाच्या लघवीत अभ्यासलं. आजही त्यासाठी २४ तासांच्या लघवीचं इलेक्ट्रोफोरेसिस किंवा रक्तातल्या फ्री लाइट चेन लागतात.

'एमजीयूएस' म्हणजे मायलोमाच का?

नाही. असामान्य प्रथिन थोडं आहे, इजा काही नाही. वर्षाला साधारण शंभरातल्या एकाचा तो पुढे मायलोमा किंवा तत्सम आजारात बदलतो, म्हणून ठरावीक मुदतीने रक्त तपासत राहायचं. औषध नाही.

आजोबांना दर महिन्याला रक्त चढवावं लागतं. टॉनिकं, इंजेक्शनं सगळं झालं. आता एमडीएस म्हणतात.

एमडीएसमध्ये मज्जा पेशी बनवते, पण त्या वेड्यावाकड्या आणि बाहेर पडण्याआधीच मरणाऱ्या. त्यामुळे मज्जा भरलेली आणि रक्त रिकामं असं विचित्र दृश्य दिसतं. सत्तरीतला माणूस, हिमोग्लोबिन ७, तांबड्या पेशी मोठ्या (एमसीव्ही १०५ वगैरे), कधी प्लेटलेटही कमी.

पण अगदी हेच चित्र बी१२ च्या कमतरतेत दिसतं, आणि शाकाहारी घरांतून ती कमतरता भरपूर आहे. मायक्रोस्कोपखालीही दोन्ही एकमेकांसारखे दिसू शकतात. म्हणून बी१२ आणि फोलेट आधी तपासा, आणि तेही इंजेक्शन घेण्यापूर्वी. इंजेक्शननंतर पातळी वाढलेलीच दिसते, मग खरं काय होतं ते कळायचा मार्ग उरत नाही. दारू, काही औषधं, एचआयव्ही, तांब्याची कमतरता हेही वगळायचं. बी१२ नीट देऊन एक-दोन महिन्यांत हिमोग्लोबिन चढलं नाही, तर मॅरो आणि क्रोमोसोमची तपासणी. क्रोमोसोम इथे उपचार ठरवतात: पाचव्या क्रोमोसोमचा ठरावीक तुकडा गळलेला असेल तर लेनालिडोमाइडने रक्त चढवण्याची गरज बऱ्याच जणांची थांबते.

रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि बाहेर पडायला वाट नसते. पिशव्यांची मोजदाद ठेवा, फेरिटिन बघत राहा.

बोन मॅरो मणक्यातून काढतात ना? त्याने पाय लुळे पडतात असं ऐकलंय.

या एका भीतीपायी महिनोन्‌महिने निदान लांबलेलं मी पाहिलंय. बोन मॅरो मणक्यातून काढत नाहीत. पाठीतून पाणी काढणं ही वेगळी तपासणी, आणि तिनेही पाय जात नाहीत. बोन मॅरो कमरेच्या मागच्या बाजूच्या हाडातून घेतात, पट्टा बसतो त्याच्या जरा खाली, हाताला लागणारा उंचवटा असतो तिथून. तिथे मज्जारज्जू नसतो.

कुशीवर झोपवतात. जागा साफ करून भूल देणारं इंजेक्शन देतात, ते चुरचुरतं. मग सुई हाडात जाताना दाब जाणवतो. मज्जेचं पाणी ओढतात तेव्हा दोन-चार सेकंद कळ येते, ती भुलेने जात नाही, आणि हे आधी सांगितलेलं बरं असतं. पाठोपाठ बायॉप्सीचा तुकडा, दीड-दोन सेंटिमीटरचा. सगळं मिळून अर्धा तास. टाका नाही. थोडा वेळ पाठीवर पडून राहायचं, दिवसभर पट्टी कोरडी ठेवायची. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. काढलेली मज्जा इतकी थोडी असते की तिने अशक्तपणा येत नाही.

एकाच मॅरोच्या एवढ्या वेगवेगळ्या बाटल्या आणि वेगवेगळी बिलं का?

काचपट्टीवर पेशी कशा दिसतात ते कळतं, एक-दोन दिवसांत. हाडाचा तुकडा आधी मऊ करावा लागतो, त्याला जवळजवळ आठवडा. जांभळ्या टोपीच्या नळीतून फ्लो सायटोमेट्री आणि जनुकं. हिरव्या टोपीच्या, हेपरिनच्या नळीतून क्रोमोसोम, त्यासाठी पेशी जिवंत ठेवून वाढवाव्या लागतात, म्हणून दोन-तीन आठवडे. एकदा सगळा नमुना फॉर्मेलिनमध्ये टाकला की क्रोमोसोम गेलेच, पुन्हा सुई. म्हणून सुई टोचण्याआधी विचारा: या नमुन्यावर कोणकोणत्या तपासण्या होणार आहेत? बाहेरगावी पाठवायचा असेल तर तो शनिवारी संध्याकाळी निघून सोमवारपर्यंत कुठे पडून राहू नये.

आणि तपासण्या होण्याआधी स्टेरॉइड नको. पाठदुखीसाठी, अंगदुखीसाठी सहज दिलेलं स्टेरॉइड सीएलएल आणि मायलोमाच्या पेशी काही दिवस दडवून टाकतं. तातडीच्या वेळची गोष्ट वेगळी.

कधी अजिबात थांबायचं नाही?

पायांतली ताकद अचानक जाणं किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, विशेषतः पाठदुखी असताना: तासांचा प्रश्न आहे. पांढऱ्या पेशी कमी असताना ताप. नजर धूसर होणं, गुंगी येणं, धाप लागणं आणि पांढऱ्या पेशी लाखांत. पुरुषांत तासन्‌तास न उतरणारी, दुखणारी ताठरता, जी सांगायला मुलं लाजतात आणि जी सीएमएलची पहिली खूण असू शकते. खूप तहान, बद्धकोष्ठता आणि बरळणं एकत्र, म्हणजे कॅल्शियम चढलेलं असू शकतं. आणि रिपोर्टात 'ब्लास्ट २० टक्के' किंवा त्याहून जास्त: तो आता संथ आजार राहिलेला नाही.

हा आजार घरात दुसऱ्याला होईल का?

शिवण्याने, एका ताटात जेवण्याने, नवरा-बायकोच्या संबंधाने होत नाही. यातले बहुतेक बिघाड जन्मानंतर त्या एका पेशीत झालेले असतात, मुलांना दिले जात नाहीत. सीएलएलमध्ये जवळच्या नात्यात धोका थोडा वाढतो, पण त्यासाठी सगळ्या घराची तपासणी करत नाहीत. 'कुणाच्या कर्माने' हा प्रश्न कृपा करून रुग्णासमोर काढू नका.

कुठे जायचं, पैशांचं काय?

रक्तविकारतज्ज्ञ, म्हणजे हिमॅटॉलॉजिस्ट, गाठा. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल आणि त्याचं खारघरचं केंद्र, तिथेच परळला केईएम आणि त्याच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षारुधिरविज्ञान संस्था. गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. भारतातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण टाटामध्येच १९८३ मध्ये झालं. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, आयुष्मान भारत, गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना. रुग्णालयातला आरोग्यमित्र किंवा समाजसेवा विभाग आधी गाठा, बिल झाल्यावर नाही. योजनेत कोणती तपासणी बसते आणि कोणती खिशातून, हे लेखी विचारा.

जुने रिपोर्ट कुठवरचे सांभाळायचे?

मिळतील तेवढे सगळे. बाळंतपणाच्या वेळचा सीबीसी, नोकरीला लागतानाचा, रक्तदान शिबिराचा, डेंग्यूच्या वर्षातला. आजार कधी सुरू झाला आणि किती वेगाने चाललाय हे त्या आकड्यांवरून कळतं, आजच्या एका रिपोर्टावरून नाही. काचपट्ट्या आणि बायॉप्सीचे मेणाचे ठोकळे प्रयोगशाळेत ठेवलेले असतात, दुसरं मत घ्यायचं असेल तर ते अर्ज करून मागता येतात. पुन्हा सुई लागेलच असं नाही. फाइल तारखेप्रमाणे लावा, नवीन कागद वर. त्यात चालू औषधांची एक यादी ठेवा, आयुर्वेदिक काढे आणि दुखण्याच्या गोळ्यांसकट. फोनमध्ये फोटो काढून ठेवले तरी चालतील, फक्त प्रत्येकावर नाव आणि तारीख वाचता येऊ द्या.